रेडिएटर, थर्मॉस आणि एक गुप्तहेर: काउंट रम्फर्डची गोष्ट

आज ॲप नाही, फोन नाही, एका माणसाची गोष्ट. पण सुरुवात एका बिघडलेल्या हीटरपासून करावी लागेल.

गेल्या जानेवारीत म्युनिकला आमच्या फ्लॅटवर रूममेटची आई राहायला आली होती, साताऱ्याहून. बाहेर उणे सात, आणि नेमका काकूंना दिलेल्या खोलीतलाच रेडिएटर अर्धवट. खाली हात लावला तर चटका बसेल इतका गरम, वर हात लावला तर थंडगार. काकू बिचाऱ्या स्वेटरवर शाल, शालीवर रजई घेऊन बसायच्या. तक्रार काही केली नाही. फक्त एकदा विचारलं की तुमचा हा हीटर अर्धाच का तापतो, आमचा तांब्याचा बंब तर वरून आधी तापायचा.

प्रश्न एकदम बरोबर होता. बंबात काय किंवा आपल्या बाथरूममधल्या गीझरमध्ये काय, गरम पाणी वर जातं आणि गार पाणी खाली बसतं. म्हणून तर गीझरची गरम पाण्याची नळी टाकीच्या वरच्या भागातून पाणी घेते. मग रेडिएटर उलटा कसा? घरमालकाकडे मेल टाकला होता, उत्तर आलं की आठवड्याभरात माणूस पाठवतो. आठवडा? काकू दहा दिवसांसाठी आल्या होत्या.

त्या रविवारी त्यांना घेऊन इंग्लिश गार्डनला गेलो. म्युनिकच्या मधोमध पसरलेली प्रचंड बाग. तिथं एका दगडी स्मारकावर नाव दिसलं, रम्फर्ड. हे नाव मी कुठंतरी वाचलं होतं. मग आठवलं. अकरावीच्या एनसीईआरटीच्या फिजिक्समध्ये, थर्मोडायनॅमिक्सच्या धड्याच्या सुरुवातीला, तोफेला भोक पाडणारा माणूस. तेव्हा दोन ओळी वाचून पुढं गेलो होतो. त्या माणसाचं बागेत स्मारक कशाला, म्हणून घरी येऊन शोधायला बसलो आणि रात्रीचे दोन वाजले. वेब सिरीज फिकी पडेल असं आयुष्य आहे भाऊचं.

त्याचं खरं नाव बेंजामिन थॉम्पसन. जन्म २६ मार्च १७५३, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्न गावी. तेव्हा अमेरिका हा देश नव्हता, इंग्रजांच्या वसाहती होत्या. घर शेतकऱ्याचं. पोरगा दोन वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा वडील गेले, आईनं दुसरं लग्न केलं. तेराव्या वर्षी त्याला सेलम गावात एका दुकानदाराकडे उमेदवारीला ठेवलं. दुकानात त्याचं लक्ष नव्हतंच. घरी फटाके बनवायला गेला आणि स्फोटात चांगलाच भाजला. लोआमी बाल्डविन नावाचा शेजारचा मित्र होता, पुढं तो मोठा इंजिनिअर झाला. त्याच्यासोबत बेंजामिन चालत चालत हार्वर्डला जायचा आणि विज्ञानाची व्याख्यानं ऐकायचा. डिग्री वगैरे काही नाही.

मग न्यू हॅम्पशायरमधल्या एका गावात शाळामास्तर म्हणून नोकरी लागली. गावाचं नाव कॉन्कर्ड, पण जुनं नाव होतं रम्फर्ड. हे नाव लक्षात ठेवा. तिथं १७७२ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्यानं एका श्रीमंत विधवेशी लग्न केलं. सारा तिचं नाव, त्याच्याहून साधारण चौदा वर्षांनी मोठी. एका रात्रीत मास्तरचा जमीनदार झाला. गव्हर्नरशी ओळख झाली आणि लष्कराचा काहीही अनुभव नसताना थेट मेजरचं पद मिळालं. साहजिकच जुने अधिकारी पेटले.

१७७४ मध्ये वसाहतींत इंग्रजांविरुद्ध वातावरण तापलं होतं. थॉम्पसन इंग्रजांचा माणूस आहे अशी कुणकुण गावाला लागली आणि जमाव घरावर चालून येणार असं कळल्यावर गडी घोड्यावर बसून पळाला. घरी बायको आणि दोनेक महिन्यांची मुलगी, तिचंही नाव सारा. बायकोसोबतचा संसार कायमचा मोडला. मुलगी भेटली ती बावीस वर्षांनी.

गावाचा संशय खोटा नव्हता. मे १७७५ मधलं त्याचं एक पत्र सापडलंय. वरवर साधा मजकूर, आणि मधल्या कोऱ्या जागेत अदृश्य शाईनं अमेरिकन सैन्याची माहिती. आजच्या भाषेत सांगायचं तर एन्क्रिप्शन नाही, मजकूर लपवण्याची युक्ती, म्हणजे स्टेगनोग्राफी. हा माणूस पुढं विज्ञानात इतकं करणार आहे की आपण त्याला हिरो करून टाकू, म्हणून आधीच सांगून ठेवतो. बायको-मुलीला सोडून गेलेला, शेजाऱ्यांवर हेरगिरी केलेला माणूस आहे हा.

१७७६ मध्ये इंग्रज सैन्यानं बोस्टन सोडलं तेव्हा तोही लंडनला गेला. तिथं वसाहतींचं खातं सांभाळणाऱ्या मंत्र्याच्या हाताखाली लागला आणि चार वर्षांत उपसचिव झाला. मधल्या वेळेत बंदुकीच्या दारूवर प्रयोग केले आणि १७७९ मध्ये रॉयल सोसायटीचा फेलो झाला, वय २६. युद्धाच्या शेवटी तो स्वतःची घोडदळ तुकडी घेऊन न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर परत गेला. तिथल्या हंटिंग्टन गावाच्या दफनभूमीवर त्यानं किल्ला बांधला आणि थडग्यांचे दगड उखडून त्यांच्या भट्ट्या केल्या. गावात आजही सांगतात की त्या भट्टीतल्या पावांच्या तळाला मेलेल्या माणसांची नावं उलटी उमटायची. दगड उष्णता चांगली धरून ठेवतो हे खरं, पण असली काटकसर कोणी करू नये.

युद्ध हरल्यावर इंग्लंडमध्ये फार भवितव्य दिसेना. १७८४ मध्ये राजाकडून सर ही पदवी घेतली आणि बव्हेरियाच्या सत्ताधीशाच्या, कार्ल थिओडोरच्या, नोकरीत म्युनिकला आला. आपली गोष्ट खरी इथं सुरू होते.

बव्हेरियाचं सैन्य तेव्हा भिकेला लागलेलं होतं. शिपायांना धड कपडे नव्हते, पगार नव्हता. थॉम्पसनला सांगितलं, हे सुधारा. आता आपल्यासारखा कुणी असता तर आधी टेंडर काढलं असतं. त्यानं प्रयोग काढला. कमी पैशांत सर्वांत उबदार कपडा कोणता? त्यासाठी त्यानं थर्मामीटरचा फुगा एका काचेच्या गोळ्यात बसवला आणि मधल्या जागेत कधी रेशीम, कधी लोकर, कधी कापूस, कधी पिसं, कधी सशाची लव भरली. मग तो गोळा उकळत्या पाण्यात तापवून बर्फात बुडवायचा आणि पारा खाली यायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघायचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तेच. आपण कोड डीबग करताना जे करतो ना, नेमकं तेच.

त्यातून निघालं ते आज आपल्याला साधं वाटतं. कपड्याची ऊब धाग्यात नसते, धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेत असते. हवा मोकळी असली की उष्णता घेऊन निघून जाते, केसांत आणि पिसांत अडकली की जागच्या जागी बसते. तुमचं ते फुगीर पफर जॅकेट म्हणजे बहुतांश पकडून ठेवलेली हवाच आहे. पोकळीतून उष्णता हवेपेक्षाही कमी जाते हे सुद्धा त्यानं मोजलं. या कामासाठी १७९२ मध्ये त्याला रॉयल सोसायटीचं कोप्ली पदक मिळालं. पोकळीचा धागा पुढं १८९२ मध्ये जेम्स डेवार यांनी पकडला, दोन भिंतींमध्ये पोकळी असलेली बाटली केली आणि तिचाच थर्मॉस झाला. ती जिथं झाली त्या संस्थेचा आणि रम्फर्डचा काय संबंध, ते पुढं येतंय.

कापड ठरलं, पण शिवणार कोण? इथं थॉम्पसननं जे केलं त्यावर माझं अजूनही मत पक्कं होत नाही. म्युनिकमध्ये भिकाऱ्यांचा प्रचंड सुळसुळाट होता. १ जानेवारी १७९० ला, नववर्षाच्या दिवशी, त्यानं सैन्याचे अधिकारी आणि नगरपालिकेची माणसं रस्त्यावर उतरवली आणि शहरातले भिकारी अटक करायला सुरुवात केली. पहिला भिकारी म्हणे त्यानं स्वतः पकडला. मग त्यांना आऊ नावाच्या उपनगरातल्या कारखान्यात काम दिलं. सूत काता, कापड विणा, गणवेश शिवा. बदल्यात गरम खोली, दुपारचं जेवण आणि मजुरी. संध्याकाळी घरी जायची मुभा. एका बाजूनं बघितलं तर जबरदस्ती आहे. दुसऱ्या बाजूनं, त्या काळात गरिबांना गुन्हेगार समजून फटके द्यायची पद्धत असताना हा माणूस म्हणत होता की आधी पोटभर खायला आणि ऊब द्या, वागणूक नंतर सुधारेल. शहराचा फायदा झाला, सैन्याचा झाला, त्याचाही झाला. त्या बिचाऱ्यांना कुणी विचारलं नाही.

इतक्या लोकांना रोज जेवू घालायचं म्हणून त्यानं स्वयंपाकावर प्रयोग केले. जव, वाळलेले वाटाणे, बटाटे, थोडं आंबवण, मीठ आणि वर शिळ्या पावाचे तुकडे. हे रम्फर्ड सूप नंतर युरोपभर गरिबांच्या अन्नछत्रांत पोचलं. बव्हेरियन लोक बटाटा खायला तयार नव्हते, म्हणून सुरुवातीला स्वयंपाकघरात तो गुपचूप शिजवून घालायचे. सूप पोट का भरतं याचं त्याचं स्पष्टीकरण मात्र साफ चुकलं. त्याला वाटायचं की नीट शिजवलेलं पाणी स्वतःच अन्न बनतं. असो.

बंदिस्त चुलीही त्यानंच बनवल्या. उघड्या जाळावर भांडं ठेवलं तर बरीचशी आच आजूबाजूनं वाया जाते हे आपल्याकडच्या कुठल्याही आजीला माहीत आहे. त्यानं जाळ विटांत बंद केला, भांडं वर बरोबर खाचेत बसवलं आणि हवेच्या वाटेला झडप दिली. झडप कमीजास्त करा, आच कमीजास्त होईल. गॅसच्या नॉबचा खापरपणजोबा म्हणा. याच काळात शहराबाहेरची राजाची शिकारीची जागा लोकांसाठी बाग करावी असं त्यानं सुचवलं आणि १७८९ मध्ये ते काम सुरू झालं. तीच ही इंग्लिश गार्डन, जिथं काकू कानटोपी घालून चिनी मनोऱ्याखाली फोटो काढत होत्या.

काही वर्षांत तो युद्धमंत्री, पोलीसप्रमुख सगळं झाला आणि त्याला काउंट ही पदवी मिळाली. नाव कोणतं घ्यायचं ते त्यानंच निवडायचं होतं. त्यानं घेतलं रम्फर्ड. ज्या गावातून रात्री पळून आला त्याच गावाचं जुनं नाव. का, ते त्यालाच ठाऊक.

आता रेडिएटरकडे येऊ.

रम्फर्डला जेवताना एक गोष्ट खटकायची. सफरचंदाचा पाय किंवा भाताचं घट्ट सूप वरून निवलेलं दिसतं आणि आत मात्र तोंड भाजतं. पातळ सूपचं असं होत नाही. का? उत्तर अपघातानं मिळालं. त्याच्याकडे एक भलामोठा थर्मामीटर होता, त्यात पाऱ्याऐवजी अल्कोहोल भरलेलं. प्रयोग झाल्यावर गरम थर्मामीटर निवायला खिडकीत ठेवला. ऊन पडलं होतं. आत धुळीचे बारीक कण राहिले होते, आणि उन्हात त्याला दिसलं की ते कण पळतायत. नळीच्या मध्यातून वर, कडेकडेनं खाली, सतत. म्हणजे काचेजवळचं द्रव थंड होऊन जड होतंय आणि खाली उतरतंय, आणि आतलं गरम द्रव हलकं होऊन वर चढतंय. उष्णता नुसती झिरपत नाही, द्रव तिला पाठीवर घेऊन फिरतं. पायमधला घट्ट गर फिरू शकत नाही, म्हणून तो निवत नाही. यालाच आपण आज कन्व्हेक्शन किंवा अभिसरण म्हणतो. हा शब्द नंतर आला, पण ते डोळ्यांनी बघून नीट मांडलं ते १७९७ मध्ये यानं.

रेडिएटर नाव असलं तरी पॅनेलचा रेडिएटर खोली तापवतो ती मुख्यतः याच फिरण्यानं. त्याला चिकटलेली हवा तापते, वर जाते, छतावरून फिरून खिडकीपाशी निवते, खाली येते. म्हणून रेडिएटर खिडकीखाली लावतात, आणि म्हणूनच त्यावर जाड पडदा सोडला किंवा समोर सोफा लावला की खोली गार राहते. त्यात अजून एक गंमत. नॉबच्या डोक्यातला थर्मोस्टॅट आजूबाजूच्या हवेचं तापमान बघतो. पडद्यामागं गरम हवा अडकली, रम्फर्डच्या पिसांत अडकायची तशी, की थर्मोस्टॅटला वाटतं खोली तापली, आणि तो पाणी बंद करतो. खोलीत तुम्ही कुडकुडताय आणि पडद्यामागं मस्त उन्हाळा.

आमचा प्रॉब्लेम हा नव्हता. खाली गरम आणि वर थंड याचा अर्थ वरच्या भागात हवा साठली आहे. पाण्यात मिसळलेली हवा सुटी होते, हलकी म्हणून सर्वांत वर जाऊन बसते, आणि तिथं पाणी पोचतच नाही. गावाकडं विहिरीवरची मोटार हवा धरते तेव्हा पाणी ओढणं बंद होतं, त्याचीच ही बहीण. बंब कधी असं करत नाही कारण तो वरून उघडा असतो, हवा आपोआप निघून जाते. काकूंना हे सांगितल्यावर त्यांना लगेच पटलं.

उपाय दोन युरोची एक चौकोनी तोंडाची किल्ली. आधी हीटिंग बंद करून पाणी जरा निवू दिलं, कारण गरम पाणी हातावर उडू शकतं. रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात छोटा स्क्रू असतो, खाली वाटी आणि फडकं धरलं आणि किल्ली घड्याळाच्या उलट्या दिशेनं अर्धा फेरा फिरवली. सूं असा आवाज आला. बराच वेळ आला. मग आवाज गुरगुरला, काळपट पाण्याचे थेंब पडले, सलग धार लागली की लगेच बंद. स्क्रू पूर्ण काढायचा नाही, कधीच नाही. हवा निघाली की सिस्टीममधला दाब थोडा उतरतो. स्वतःचा बॉयलर असेल तर गेजवर साधारण एक ते दीड बार आहे का बघायचं आणि कमी असेल तर पाणी भरायचं. आमच्यासारखा अख्ख्या इमारतीला एकच बॉयलर असेल तर केअरटेकरला कळवायचं, आपण हात लावायचा नाही. तासाभरात वरची कड तापली. काकूंनी शाल काढून ठेवली.

लक्षणं उलटी असती, म्हणजे वर गरम आणि खाली थंड, तर किल्लीचा काही उपयोग झाला नसता. तो गाळ असतो. आतलं लोखंड गंजून काळी भुकटी होते आणि तळाशी बसते, रेडिएटर काढून धुवावा लागतो. आणि एकच रेडिएटर पूर्ण थंड, बाकी सगळे गरम, असं असेल तर नॉबचं डोकं काढून आतली बारीक पिन बघा. उन्हाळाभर न हलल्यानं ती आत चिकटून बसते. हलक्या हातानं दाबली की बाहेर उसळी मारते. पक्कडीनं ओढलीत तर पाण्याचं कारंजं आणि घरमालकाचं बिल, दोन्ही येईल. बॉयलरपासून लांबचे सगळेच रेडिएटर कोमट असतील तर जवळचे रेडिएटर जास्त पाणी खातायत, प्रत्येकाचा प्रवाह जुळवून घ्यावा लागतो. ते काम माहितगाराचं.

हा रेडिएटर काही रम्फर्डनं शोधला नाही, तो त्याच्यानंतर, १८५०च्या दशकात, सेंट पीटर्सबर्गला फ्रान्स सान-गाली नावाच्या कारखानदारानं केला. रम्फर्डच्या काळात लंडनमध्ये घरं तापायची ती उघड्या शेकोटीनं. भिंतीत भलंमोठं चौकोनी भगदाड, आत कोळसा, वर धुराडं. पुढून भाजायचं, पाठीमागून गारठायचं आणि खोलीत धूर. १७९५ मध्ये तो लंडनला आला आणि श्रीमंतांची धुराडी दुरुस्त करायचा त्यानं सपाटा लावला. त्याचं निदान असं की भगदाड आणि धुराड्याचा घसा दोन्ही गरजेपेक्षा फार मोठे आहेत. खोलीतली गरम हवाच वर पळून जाते, आणि मोठ्या घशात गार हवा खाली घुसून धूर परत ढकलते. उपाय तीन. भगदाड लहान करा, बाजूच्या भिंती तिरक्या करा म्हणजे आच खोलीकडे परतेल, आणि घसा चार इंचांवर आणा. थोड्या विटा आणि चुना, दोनेक दिवसांचं काम. १७९६ मध्ये त्यानं हे सगळं मापांसकट छापलं आणि पेटंट घेतलं नाही. कोणीही वाचा, गवंड्याला सांगा, करून घ्या. ओपन सोर्सच म्हणा ना. पाचेक वर्षांत लंडनमध्ये रम्फर्ड म्हणजे शेकोटी असा शब्दच रूढ झाला. जेन ऑस्टिनच्या नॉर्थँगर ॲबीमध्येही तो येतो. व्यंगचित्रकार गिलरेनं तर शेकोटीला पाठ करून कोटाचे पदर उचलून शेकणारा काउंटच काढला.

त्या १७९६ मध्येच मुलगी सारा अमेरिकेहून आली. आई चार वर्षांपूर्वी वारली होती. बाप-लेकीचं अधूनमधूनच जमलं. त्याच उन्हाळ्यात ऑस्ट्रियन आणि फ्रेंच सैन्य म्युनिकच्या वेशीवर आलं, कार्ल थिओडोर पळाला, आणि शहर रम्फर्डच्या हातात सोडलं. दोन्ही बाजूंशी बोलत बोलत त्यानं दोन्ही सैन्यांना बाहेरच ठेवलं.

आणि आता ती तोफ. म्युनिकच्या शस्त्रागारात पितळी तोफांना आतून भोक पाडायचं काम चालायचं. घोडे गोल फिरायचे, यंत्र फिरायचं. रम्फर्डला दिसलं की तोफ आणि त्यातून निघणारा कीस प्रचंड तापतो. तेव्हाचं विज्ञान सांगायचं की उष्णता म्हणजे कॅलरिक नावाचं अदृश्य द्रव आहे. धातू कापला की त्यातलं कॅलरिक बाहेर येतं. आता रम्फर्डमधला टेस्टर जागा झाला. द्रव असेल तर ते कधीतरी संपायला हवं. त्यानं मुद्दाम बोथट हत्यार घेतलं, म्हणजे कीस अगदी थोडा निघेल आणि घर्षण भरपूर होईल. तोफेचं टोक पाण्याच्या पेटीत बुडवलं, साधारण साडेआठ किलो पाणी. घोडे फिरत राहिले. अडीच तासांनी, खाली कुठंही आग नसताना, पाणी खळखळून उकळलं. बघायला आलेले लोक थक्क झाले.

कीस मूठभर, धातूचा गुणधर्म बदललेला नाही, आणि घोडे फिरतायत तोपर्यंत उष्णता निघतच राहते. जी गोष्ट एका बंद वस्तूतून न संपता काढता येते ती पदार्थ असू शकत नाही. मग उरते ती फक्त गती. १७९८ च्या जानेवारीत हा निबंध रॉयल सोसायटीत वाचला गेला. लगेच कोणी मान्य केलं असं नाही, कॅलरिक अजून पन्नासेक वर्षं टिकलं. १८४०च्या दशकात जूलनं किती कामातून किती उष्णता निघते ते नेमकं मोजलं, तेव्हा रम्फर्डची तोफ पुन्हा सगळ्यांना आठवली.

१७९८ मध्ये बव्हेरियाचा राजदूत म्हणून तो लंडनला गेला, तर राजानं नकार दिला, कारण तो इंग्लंडचाच प्रजाजन. रिकामा माणूस आणि डोक्यात कल्पना. १७९९ मध्ये जोसेफ बँक्स आणि इतरांना घेऊन त्यानं रॉयल इन्स्टिट्यूशन उभी केली. सामान्य कारागिरांना विज्ञान कळावं, यंत्रांचे नमुने हाताळता यावेत, हा हेतू. १८०१ मध्ये त्यानं हम्फ्री डेव्ही नावाच्या पोरगेल्या रसायनतज्ज्ञाला नोकरीवर घेतलं. डेव्हीनं पुढं फॅरेडेला घेतलं. वर सांगितलेली डेवारची बाटली याच इमारतीत झाली. संस्था रम्फर्डला हवी होती तशी मात्र राहिली नाही. कारागीर बाजूला पडले, व्याख्यानांना उच्चभ्रूंच्या बग्ग्यांची रांग लागू लागली. सहकाऱ्यांशी भांडून तो निघून गेला. भांडण हा त्याचा स्थायीभावच होता.

या काळात त्यानं वाफेनं उष्णता वाहून न्यायच्या पद्धतीवरही लिहिलं. एका ठिकाणी पाणी उकळा, वाफ नळीतून न्या, जिथं हवी तिथं ती परत पाणी होईल आणि सोबत आणलेली उष्णता सोडेल. आता तुमच्या हातातला फोन बघा. गेमिंगच्या जाहिरातीत व्हेपर चेंबर हा शब्द असतो ना? तांब्याची चपटी बंद डबी, आत थेंबभर पाणी. प्रोसेसरजवळ त्याची वाफ होते, थंड कडेला जाऊन परत पाणी होतं आणि बारीक जाळीतून मागं येतं. बीजीएमआय खेळताना फोनची सगळी पाठ सारखी कोमट लागते ती यामुळं. आणि फोन उशीखाली चार्जिंगला लावला की तापतो तो का, ते सशाची लव आणि अडकलेली हवा आठवून तुम्हीच सांगा.

शेवटची वर्षं पॅरिसमध्ये गेली. १८०५ मध्ये त्यानं मारी-ॲन लाव्हाझिए यांच्याशी लग्न केलं. त्या हुशार, श्रीमंत, आणि क्रांतीत गिलोटिनखाली गेलेल्या रसायनशास्त्रज्ञ आंत्वान लाव्हाझिए यांच्या पत्नी. कॅलरिक हे नाव ज्यांनी रूढ केलं तेच हे लाव्हाझिए. म्हणजे कॅलरिकला तोफ लावणारा माणूस त्यांच्याच घरात राहायला आला. संसार चालला नाही. तिला पाहुणे हवेत, त्याला शांतता. एकदा त्यानं फाटकाला कुलूप लावून तिच्या पाहुण्यांना बाहेर ठेवलं, आणि तिनं त्याच्या लाडक्या फुलझाडांवर उकळतं पाणी ओतलं. उष्णतेवर आयुष्य घालवलेल्या माणसाला याहून नेमकं उत्तर कोण देणार! १८०९ मध्ये दोघं वेगळे झाले.

मग पॅरिसजवळ ओतईला एकटाच राहिला. कॉफी उकळू नये, गरम पाणी हळू पाझरू द्यावं, यावर निबंध लिहिला आणि त्यासाठी भांडी बनवली. हिवाळ्यात डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे घालून फिरायचा आणि लोक वळून बघायचे. कारण त्याचा प्रयोग. चकचकीत धातूचं भांडं आणि काजळी फासलेलं भांडं, दोन्हीत गरम पाणी, तर काळं आधी निवतं. म्हणजे फिकट रंगातून उष्णता कमी बाहेर पडेल. इथं तो चुकला. चकचकीत धातूचं म्हणणं खरं आहे, पण पांढरा रंग आपल्या अंगाच्या तापमानाला जवळपास काळ्याइतकीच उष्णता बाहेर टाकतो, फरक आपल्या डोळ्यांना दिसतो तेवढाच. म्हणून रेडिएटर पांढरा असला तरी काही बिघडत नाही. चंदेरी धातूचा रंग मात्र मारू नका, त्यानं उष्णता थोडी कमी बाहेर पडते. द्रवातून उष्णता फक्त फिरण्यानंच जाते, एरवी अजिबात जात नाही, हा त्याचा हट्टही असाच चुकीचा ठरला.

२१ ऑगस्ट १८१४ ला तो ओतईला तापानं गेला, वय ६१. पैसे ठेवले ते हार्वर्डला, जिथं तो पोरगा असताना चालत जाऊन फुकट व्याख्यानं ऐकायचा. सारानं काउंटेस ही पदवी आयुष्यभर लावली, नंतर ती कॉन्कर्डला परतली आणि १८५२ मध्ये वारली, ज्या घरातून बाप पळाला होता त्याच घरात.

काकू गेल्या त्यानंतर तीन दिवसांनी घरमालकाचा माणूस आला. रेडिएटरला वर हात लावला, खाली हात लावला, आणि सगळं ठीक आहे म्हणून सही घेऊन गेला.